गोठ्यातल्या रुळाखालचा सांगाडा

मी एक जुना लाकडी सांगाडा आहे, मित्रांनो. कामथडी गावात, हमरस्त्यापासून थोड्या आत, एका रिकाम्या गोठ्यात मी उभा आहे. उभा आहे म्हणजे माझे काही पाय उभे आहेत. बाकीचे वाळवीनं खाल्ले. आज माझ्या अंगावर जुनी पोती आणि एक फुटकं घमेलं आहे. पण एके काळी माझ्यावर रेल्वे धावत होती. वीतभर लांबीचं इंजिन, त्यामागे मालगाडीचे डबे, पितळेसारखे चमकणारे बारीक रूळ, रुळाखालची एक दगडी मोरी आणि बाभळीची झाडं. हे सगळं ज्या लाकडी बैठकीवर टेकलेलं होतं, ती बैठक म्हणजे मी. अशी रेल्वे बघायला आलेला माणूस इंजिनाकडे बघतो. खाली वाकून कोणी बघत नाही.

माझ्या आडव्या फळ्या पाइनच्या आहेत. परदेशातून मोठी यंत्रं लाकडी खोक्यांत बंद होऊन इथल्या कारखान्यांत येतात. यंत्र बाहेर निघालं की खोक्याचं काम संपतं. मग त्या फळ्या मोडून पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला ढीग लावून विकतात. मी तसाच एका ढिगात पडून होतो. माझ्या अंगावर कुठल्या तरी दूरच्या बंदराचे काळे शिक्के होते. माझे पाय मात्र इथलेच. गोठ्याच्या एका बाजूचं जुनं छप्पर उतरवलं, तेव्हा त्याला आधार देणाऱ्या जांभळाच्या मेढी निघाल्या. गुरांनी अंग घासून घासून त्या गुळगुळीत झाल्या होत्या. त्याच चिरून माझे पाय केले.

मला बांधणाऱ्याचं नाव गोरख. तो रेल्वेत मालगाडीचा ड्रायव्हर होता. त्याच्या घरात त्याची आई पारूबाई आणि बायको मंगल, एवढीच माणसं. वडील गेल्यावर पारूबाईंनी गुरं विकली, आणि घराला लागून असलेला गोठा रिकामा झाला.

गोरखच्या बाबतीत जे घडलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. पण तुम्हाला मी आधीच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं कोड्यासारखं वाटेल.

एका हिवाळ्यातल्या सकाळी गोरख भरलेली मालगाडी घेऊन चालला होता. वाटेत डोंगर कापून काढलेली एक खिंड होती आणि खिंडीत वळण होतं. वळणाच्या पलीकडे आकाश नावाचा एक तरुण रेल्वे कामगार रूळ तपासत चालला होता. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी धडधडत जात होती. तिला वाट द्यायला तो बाजूला सरला आणि नेमका गोरखच्या रुळावर आला. गोरखनं हॉर्न वाजवला, ब्रेक लावला. भरलेली मालगाडी अशी जागच्या जागी थांबत नाही. ती थांबली तेव्हा आकाश तिच्या खूप मागे राहिला होता.

चौकशी झाली. गोरखवर कसलाही ठपका आला नाही. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला रजा दिली आणि घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. तो घरी आला. पण त्यानंतर त्याचं बोलणं आटलं. जेवायला वाढलं तर जेवायचा. कोणी बस म्हटलं तर बसायचा. पारूबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवायच्या, तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा. तो विहिरीकडे निघाला की मंगल हातातलं काम टाकून त्याच्या मागोमाग जायची आणि काहीतरी निमित्त काढून काठावर थांबायची. त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

अशात एका दिवशी गोरख पुण्याला गेला आणि ती छोटी रेल्वे घेऊन आला. मोबाईलवर बघून बघून त्यानं सगळं शिकून घेतलं होतं. लाकडं आणली, करवत आणली, ड्रिल मशीन आणलं. मंगलला वाटलं, बरं झालं. माणसाला काहीतरी हाताला लागलं. पारूबाईंनी तर देवापुढं साखर ठेवली.

मला बांधायला सुरुवात झाली तो काळ मला अजून आठवतो. तोच माझा सुखाचा काळ. गोठ्याची जमीन उताराची होती, गुरांचं मूत वाहून जावं म्हणून मुद्दाम तशी केलेली. त्यामुळे माझा एकही पाय दुसऱ्याच्या मापाचा नाही. गव्हाणीकडचे पाय आखूड, उताराकडचे लांब. शिवाय प्रत्येक पायाच्या तळाशी गोरखनं एक बोल्ट बसवला. तो पिळला की पाय केसभर वर-खाली व्हायचा. मग माझ्या अंगावर पाणसळ ठेवायची आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत बोल्ट पिळत राहायचे. गोरख जमिनीवर पालथा पडून बोल्ट पिळायचा आणि मंगल वरून बुडबुडा बघायची.

"आलं का मदी?" तो खालून विचारायचा.

"न्हाई. जरासं ऱ्हायलंय," ती म्हणायची.

महिनोन्महिने ज्या दोघांत धड शब्द झाला नव्हता, ती दोघं एका बुडबुड्यापायी बोलू लागली. मंगल स्क्रू हातात आयते द्यायची. फळीवर रेघ मारायची. माझ्या आडव्या पट्ट्या कुठं घ्यायच्या यावर एकदा तिनं त्याच्याशी वादही घातला. जिथून विजेच्या तारा खाली उतरणार तिथं पट्टी नको, असं तो म्हणत होता, आणि मधे पट्टी नसली तर फळी झोल खाईल, असं ती म्हणत होती. शेवटी पट्टी थोडी सरकवून दोघांचंही झालं. त्या दिवशी गोरख हसला. पारूबाई दारातून बघत होत्या. त्या हळूच आत गेल्या.

एकच गोष्ट मंगलला तेव्हा खटकली. असल्या टेबलाची उंची कमरेएवढी हवी, म्हणजे हात चालवायला सोपं. गोरखनं मला त्याहून बरंच उंच केलं. का, म्हणून तिनं विचारलं, तर त्यानं एक स्टूल आणलं, त्यावर बसला आणि सांगितलं की असं बसल्यावर डोळे बरोबर रुळाच्या वर यायला पाहिजेत. तिला तो हौसेचा भाग वाटला. इंजिनात बसलेल्या माणसाला रूळ जसा दिसतो तसाच त्याला तो बघायचा होता, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला.

माझ्यावर रूळ बसले. प्लास्टरमध्ये फडकी बुडवून डोंगर झाले. त्या डोंगरातून गोरखनं एक खिंड कापली, खिंडीत वळण घेतलं. वळणापुढे मोरी, मोरीजवळ खांब, खांबापाशी बाभळी. बाभळीची पानं त्यानं रंगवलेल्या भुश्शाची केली. आळीतली पोरं बघायला यायची आणि तोंडात बोट घालायची. गाव कौतुक करत होतं. कोणी म्हणायचं, गोरखच्या हातात कला आहे. कोणी मोबाईलवर माझे फोटो काढून न्यायचं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मलाही फार अभिमान वाटायचा.

एकदा एका लहान मुलीनं विचारलं की यात माणसं का नाहीत. दुकानात छोटी छोटी माणसं मिळतात, ती स्टेशनवर उभी करायची असतात, असं तिनं पाहिलं होतं. गोरखनं सगळ्या पोरांना बाहेर काढलं आणि गोठ्याचं दार लावून घेतलं. त्यानंतर पोरांना आत यायची मनाई झाली.

ही खिंड कुठली ते त्याच दिवशी मंगलला कळलं. ती माझ्यापाशी आली. वळणापुढे, मोरीच्या अलीकडे, रुळाशेजारच्या खडीत एक पांढरा खडा होता. बाकीची सगळी खडी काळी, आणि तो एकच पांढरा. ती पुष्कळ वेळ त्या खड्याकडे बघत राहिली. तिनं माझी कड धरली होती.

त्यानंतर गोरखचं काम मला नीट समजू लागलं. तो स्टुलावर बसायचा. गाडी खिंडीत शिरायची, वळण घ्यायची. पांढरा खडा नजरेला पडला की तो हातातलं बटण हळूहळू फिरवायचा. खेळण्यातली गाडी बटण बंद केलं की जागेवर थांबते, पण गोरख तिला तसं थांबू द्यायचा नाही. भरलेल्या मालगाडीचा वेग जसा उतरतो तसाच, जड पावलांनी, तो तिचा वेग उतरवायचा. गाडी पांढऱ्या खड्यावरून पुढे जायची आणि मगच थांबायची. तो ती मागे घ्यायचा. पुन्हा चालवायचा. पुन्हा ती खड्यावरून पुढे जायची. सकाळी सुरू व्हायचं ते दुपारच्या जेवणाला मंगल हाक मारीपर्यंत. ती दारात उभी राहून, जेवता का, म्हणून विचारायची. तो उठायचा, जेवायचा, परत येऊन बसायचा.

खड्याच्या अलीकडे गाडी थांबवायची असेल तर ब्रेक आधी लावायला हवा. किती आधी, ते त्यानं हिशेब करून काढलं. तेवढी लांबी गोठ्यात मावत नव्हती. गोठ्याची भिंत संपत होती.

भिंतीपलीकडे पारूबाईंची खोली होती. तिथं त्यांची खाट, देवाचा कोनाडा आणि धान्याची पिंपं होती. गोरखनं आईला सांगितलं की भिंतीला भोक पाडायचं आहे. पारूबाईंनी आयुष्यात त्याला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या की हवी तर सगळी भिंत पाड, पण तुझं काय चाललंय ते एकदा मला सांग. गोरख म्हणाला, रूळ लांब करायचाय. पारूबाईंनी खाट ओढून कोपऱ्यात नेली.

भिंत फोडताना माझ्यावर माती पडत होती. मग माझा एक नवा भाग तयार झाला. पण त्या वेळी बुडबुडा बघायला मंगल नव्हती. ती स्वयंपाकघरात होती आणि ड्रिलचा आवाज आला की हातातलं भांडं घट्ट धरत होती. गोरखनं एकट्यानंच पाय ठोकले, एकट्यानंच बोल्ट पिळले. तो पालथा पडून पिळायचा, उठून पाणसळ बघायचा, पुन्हा पालथा पडायचा. त्या भागाचे सांधे कधीच नीट बसले नाहीत. पावसाळ्यात दमट हवेनं माझ्या फळ्या फुगल्या आणि भिंतीच्या भोकाशी रूळ उचलला गेला. गाडी तिथं घसरायची. दुसऱ्या कोणी चिडून काहीतरी फेकलं असतं. गोरख न चिडता तो सांधा उकलायचा, तासायचा, परत जोडायचा. त्याचं ते न चिडणं बघून मला भीती वाटायची.

आता मी गोठ्यातून निघून भिंत पार करून पारूबाईंच्या खाटेच्या उशापर्यंत पोचलो होतो. त्या बाई कुशीवर वळल्या की त्यांच्या डोक्यावर माझी फळी असायची. त्यांनी तक्रार केली नाही. पण देवाला दिवा लावताना त्यांना आता माझ्याखालून वाकून जावं लागायचं.

रजा संपली होती. कामावरून बोलावणं आलं, तपासणीला या म्हणून निरोप आले. गोरख गेला नाही. मंगलनं माहेरी एकदा रडून सगळं सांगितलं. तिकडचे लोक म्हणाले की ते खेळणं एकदाचं पेटवून दे, म्हणजे तो ताळ्यावर येईल. ती तशी रॉकेलची बाटली घेऊन माझ्याजवळ आलीही होती. भर दुपारची वेळ होती आणि गोरख स्टुलावर बसल्या बसल्या झोपला होता. त्याचं डोकं माझ्या कडेला टेकलेलं होतं. तिनं बाटली तशीच परत नेली.

मग रखमाजी आले.

ते वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीतून आले होते. एसटीनं नसरापूरला उतरून तिथून चालत कामथडीला. वय झालेलं, डोक्याला मुंडासं, पायात जुन्या चपला. पारूबाईंनी त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं की मी आकाशचा बाप. तुमच्या मुलाला भेटायचं आहे.

मंगल दारातच उभी होती. तिच्या मनात काय काय आलं असेल ते तिलाच ठाऊक. ती म्हणाली की ते घरी नाहीत, पुण्याला गेलेत, उद्या येतील. आणि त्याच वेळी गोठ्यातून माझ्यावर चालणाऱ्या गाडीची घरघर ऐकू आली. रखमाजींनीही ती ऐकली. त्यांनी मंगलला खोटं पाडलं नाही. थोड्या वेळानं मंगलच म्हणाली, "या. हितं हायती."

गोरखनं वळून बघितलं. रखमाजींनी स्वतःचं नाव सांगितलं आणि त्याच्या हातातलं बटण खाली पडून बंद झालं. गाडी बाभळीपाशी थांबली. मग गोरख एकाएकी बोलायला लागला. इतकं भडाभडा बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. ही खिंड, हे वळण, ही मोरी, गाडीचा वेग एवढा, वजन एवढं, शेजारून दुसरी गाडी जात होती, सगळं त्यानं सांगितलं. पांढऱ्या खड्याकडे त्यानं नुसतं बोट केलं. गाडी चालवून दाखवली. वळणावरून दिसताक्षणी ब्रेक लावला तरी ती खड्याच्या पुढे जाते, हे दाखवलं. मग त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्यांना पारूबाईंच्या खोलीत, माझ्या पार शेवटच्या टोकाला नेलं. तिथं स्टूल ठेवून त्यांना बसवलं.

"हितनं ब्रेक लावला असता तर ते पोरगं वाचलं असतं," तो म्हणाला. "बघा बाबा. हितनं काय दिसतं का?"

रखमाजी वाकले. त्यांनी रुळाच्या पातळीला डोळा लावला. समोर रूळ होता, भिंतीचं भोक होतं आणि पलीकडे डोंगराची काळी कड.

"न्हाई दिसत," ते म्हणाले.

गोरख त्यांच्या तोंडाकडे बघत होता. वर्षभर त्यानं मला ज्यासाठी वाढवलं होतं ते शब्द त्याला मिळाले होते. मला वाटलं, आता त्याचं ओझं उतरेल. पण रखमाजी स्टुलावरून उठले आणि त्यांनी मान हलवली.

"ह्ये दावाया तुमी उगाच येवढं केलं," ते म्हणाले. "गाडी थांबत न्हाई ह्ये मला ठावं हाय. आकाशनंच सांगितलं व्हतं. म्या तुमाला बोल लावाया आलो न्हाई. मला येगळंच इचारायचंय."

गोरखनं स्टूल बाजूला सारलं.

"त्याचं तोंड आमाला दावलं न्हाई," रखमाजी म्हणाले. "बांधूनच आणलं. बगू नका म्हनले, आमीबी बगितलं न्हाई. त्याची आई अजून म्हनती, त्यो आपला नव्हताच, दुसराच कुनी असंल. तुमी त्याला शेवटचं बघितलं. त्याचं तोंड दिसलं का तुमाला?"

मित्रांनो, साहेबांनी गोरखला वेग विचारला होता, अंतर विचारलं होतं, हॉर्न वाजवला की नाही ते विचारलं होतं. घरातल्यांनी जेवलास का, झोप लागली का, हे विचारलं होतं. हे कोणीच विचारलं नव्हतं.

गोरख माझी कड धरून हळूहळू खाली बसला. रखमाजीही त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मंगल भिंतीच्या भोकापलीकडे गोठ्यात उभी होती आणि पारूबाई दारात.

"दिसलं," गोरख म्हणाला. "शेवटाला त्यो वळला."

"भ्याला व्हता का?"

गोरखनं डोळे मिटून घेतले. म्हातारा घाई करत नव्हता.

"न्हाई. भ्यायला टाइमच न्हाई मिळाला त्याला. कुनी नाव घिऊन हाक मारली की मानूस कसा वळतो, तसा वळला. हातात पाना व्हता. कपाळावर, हितं, एक वण व्हता."

"बैलाचं शिंग लागलं व्हतं," रखमाजी म्हणाले. "ल्हान असताना."

"रोज बघतोय म्या त्ये तोंड," गोरख म्हणाला. "डोळं मिटलं की त्येच. कुनाला सांगू?"

रखमाजींनी मुंडासं सोडलं आणि त्यात तोंड घातलं. गोरख रडत होता तो आवाज करून रडत होता, लहान मुलासारखा. तो कोणाच्यानं आवरला नसता आणि कोणी आवरलंही नाही. पारूबाई खाटेवर बसल्या. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्यांच्या उशावरून इतके दिवस काय जात होतं.

संध्याकाळच्या आधी रखमाजी निघाले. चहा घेतला, भाकरी मात्र खाल्ली नाही. पोराच्या आईला जाऊन सांगतो की तो आपलाच होता, असं ते म्हणाले. गोरखनं त्यांना मोटरसायकलवर नसरापूरला सोडलं. घराबाहेर तो कितीतरी दिवसांनी पडला होता. तो परत येईपर्यंत मंगल रस्त्यावर उभी होती.

त्यानंतर सगळं ठीक झालं, असं मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तसं झालं नाही. गोरख अंथरुणालाच लागला. अन्न पोटात ठरेना. मंगलनं त्याला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले की हा आजारच आहे आणि याला वेळ लागेल. पुढं रेल्वेच्या तपासणीत तो गाडी चालवायला अपात्र ठरला. ज्या इंजिनात बसायचं स्वप्न त्यानं शाळेपासून पाहिलं होतं त्याची पायरी तो पुन्हा चढला नाही. त्याला एका गोदामात बसून करायचं काम मिळालं. आठवडाभर तो तिकडे असतो आणि रविवारी घरी येतो. अजून त्याची झोप मधेच मोडते. रखमाजींची बायको पुढच्या हिवाळ्यात गेली असं मंगल एकदा पारूबाईंना सांगत होती. बांधून आणलेला तो आकाशच होता हे त्या माउलीनं मानलं होतं की नाही, ते मात्र कोणाला कळलं नाही.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. पारूबाईंच्या खोलीतला माझा भाग आधी काढला. मंगलनं गवंडी बोलावून भिंत बुजवून घेतली. रूळ आणि गाडी गोरखनं एका खोक्यात भरून कोणाला तरी देऊन टाकली. डोंगर उंदरांनी कुरतडले. मग उरलो मी. माझ्यावर पहिल्यांदा कांदे पसरले, नंतर कोंबड्या बसू लागल्या, आणि आता नुसती पोती. छपरातून गळणारं पाणी माझ्या पायांशी साचतं. जांभूळ टिकाऊ लाकूड खरं, पण सतत ओल्यात उभं राहिलं की त्याचंही काही चालत नाही. गावात आता माझं कौतुक करणारं कोणी राहिलं नाही. काही जणांना तर माझ्याकडे बघणंही अपशकुनी वाटतं.

गेल्या महिन्यापासून पारूबाईंच्या अंघोळीच्या पाण्यासाठी मंगल माझी एकेक फळी मोडून चुलीत घालते आहे. पाइन लवकर पेट घेतं. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. माझ्यापायी त्या म्हातारीला फार वाकावं लागलं होतं.

परवाच्या रविवारी मंगल फळी काढायला आली होती आणि गोरख दारात उन्हात बसला होता. तिनं कोयता खाली ठेवला, त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसली आणि विचारलं, "ह्या आठवड्यात सपनात आला व्हता का त्यो?" गोरखनं पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाला, "आला व्हता. बुधवारी." आणि तो सांगू लागला. चुलीवरचं पाणी निवून गेलं. आतून पारूबाईंनी पाण्यासाठी हाक मारली नाही.

म्हणून जाता जाता तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, मित्रांनो. मला वाचवा असं मी म्हणत नाही. लाकूड आज ना उद्या मातीत किंवा चुलीत जायचंच. पण तुमच्या घरात, शेजारात, एखादा माणूस गप्प झाला असेल आणि एकटाच कशात तरी डोकं घालून बसला असेल, तर त्याच्या हातचं काम बघून नुसतं कौतुक करून परत फिरू नका. त्यानं काय पाहिलं आहे ते त्याला विचारा. आणि उभ्या उभ्या विचारू नका. त्याच्याजवळ खाली बसा.